गोरेगावचा तलाव ते महानदीचे धरण : बाबासाहेबांच्या जीवनातील पाण्याचा प्रश्न

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आमच्या वाचकांस अपरिचित नाही. शाळेच्या सकाळच्या वंदनेपासून विहारातील वर्षावासाच्या प्रवचनांपर्यंत ते आपण सर्वांनी अनेकवार ऐकले आहे. तेव्हा जन्मापासून महापरिनिर्वाणापर्यंतचा संपूर्ण जीवनक्रम येथे पुन्हा सांगण्याचा आमचा मानस नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्या थोर जीवनातील एकच धागा हाती घेत आहोत. तो धागा पाण्याचा आहे.

तो निवडण्याचे कारण आमच्या वाचकांच्या घरांतच आहे. आमच्या वसतिगृहात राहून गेलेली कितीतरी मुले दुष्काळी तालुक्यांतून आली. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे, कोरडी पडलेली नदी आणि गावाबाहेरच्या वस्तीपर्यंत न पोहोचणारा नळ हे त्यांच्या अनुभवातले आहे. पाण्याविषयी दोन प्रश्न नेहमी वेगवेगळे विचारले जातात. पाणी साठवावे कसे, हा प्रश्न अभियंत्यांकडे सोपविला जातो. साठविलेले पाणी मिळावे कोणाला, हा प्रश्न चळवळींकडे राहतो. बाबासाहेबांच्या आयुष्यात हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाच्या वाट्याला आले, आणि एकास सोडून दुसरा सुटत नाही हे त्यांच्या कार्यातून दिसून येते.

दुष्काळी कामावरचा तलाव

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ सेवानिवृत्त झाल्यावर कुटुंब प्रथम दापोलीस आणि नंतर साताऱ्यास आले. मातोश्री भीमाबाईंचे निधन साताऱ्यातच झाले. या गावी शाळेत जाताना लहानग्या भीमास पाण्याचा पहिला धडा मिळाला. तहान लागली तरी नळास हात लावण्याची त्यास मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसला की तहान तशीच घेऊन वर्गात बसावे लागे.

सातारा जिल्ह्याची भूगोलरचना येथे लक्षात घेतली पाहिजे. जिल्ह्याच्या पश्चिम टोकास महाबळेश्वर आहे. तेथे वर्षास पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. सह्याद्री ओलांडून पूर्वेस आलेल्या ढगांत मात्र फारसे पाणी उरत नाही. खटाव आणि माण हे तालुके या पर्जन्यछायेत येतात. तेथे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तोही भरवशाचा नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ लागोपाठ आले. लोकांस मजुरी मिळावी म्हणून सरकारने ठिकठिकाणी दुष्काळी कामे काढली. खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे अशाच एका तलावाचे खोदकाम चालले होते, आणि त्या कामावर रामजी सुभेदार रोखपाल होते.

१९०१ साली वडिलांना भेटण्यासाठी भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि दिवंगत बहिणीची मुले आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. पत्र वेळेवर न पोहोचल्यामुळे न्यावयास कोणी आले नव्हते. नीटनेटक्या पोशाखातील ही मुले महार आहेत असे कळताच स्टेशनमास्तर चपापले. एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाड्याच्या बोलीवर एक गाडी मिळाली. पण गाडी मुलांनीच हाकावी आणि गाडीवानाने बाजूने चालावे अशी अट पडली. जवळ शिदोरी होती, परंतु प्यावयास पाणी नव्हते. वाटेत दिसले ते शेणामुताने गढूळ झालेले. मध्यरात्री जकातनाक्यावर मुसलमान असल्याचे सांगूनही पाणी मागून पाहिले. तेथेही नकारच मिळाला. उपाशी आणि तहानलेली ती मुले दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास गोरेगावास पोहोचली.

हा प्रसंग आपण अस्पृश्यतेची कथा म्हणून ऐकतो, आणि ती तशी आहेच. परंतु ही मुले जात होती ती एका सार्वजनिक तलावाच्या कामाकडे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. दुष्काळी कामांवर माती वाहणाऱ्यांत अस्पृश्य मजुरांची संख्या मोठी असे. तलाव सरकारी पैशाने आणि त्यांच्या घामाने बांधला जाई. तो भरल्यावर त्याच्या काठी कोणी उतरावे, हे मात्र गावची रूढी ठरवीत असे.

महाडचा दहा वर्षांचा दावा

मुंबईतील शिक्षण, बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती, कोलंबिया आणि लंडन येथील अध्ययन हा भाग आम्ही येथे थोडक्यात आटोपतो. त्यातील दोन लेखनकृती मात्र आपल्या विषयाशी जोडलेल्या आहेत. १९१८ साली शेतीच्या लहान तुकड्यांवर लिहिताना बाबासाहेबांनी असे प्रतिपादन केले की, तुकडे जोडल्याने शेतीचे दुखणे बरे होणार नाही. जमिनीवर पोट भरणाऱ्यांची संख्या अधिक आणि शेतीत गुंतविण्याचे भांडवल अपुरे, हे खरे दुखणे आहे. त्यावर उपाय उद्योगधंद्यांच्या वाढीचा आहे. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यातील आर्थिक संबंधांचा इतिहास मांडला. उद्योगांस वीज हवी, आणि नदी अनेक प्रांतांतून वाहते. या दोन्ही अभ्यासांचा उपयोग पुढे वीस वर्षांनी होणार होता.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक खर्चाने बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्यात असा त्याचा आशय होता. महाड नगरपालिकेनेही आपले चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर तळे खुले झाले, तरी पाण्यास हात लावण्याचे धैर्य कोणास होत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्राशन केले. त्यानंतर परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ले झाले, आणि तळ्याच्या तथाकथित शुद्धीचे विधीही झाले.

या सत्याग्रहाचा दुसरा भाग न्यायालयात घडला. तळे खासगी मालकीचे आहे आणि त्याचा वापर केवळ स्पृश्यांनी करण्याची प्राचीन वहिवाट आहे, असा दावा लावण्यात आला. बाबासाहेब या दाव्यात प्रतिवादी होते. ओंजळभर पाण्याचा हा वाद दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अनादिकाळापासूनची वहिवाट सिद्ध होत नाही असा निर्णय दिला, आणि दावा अस्पृश्यांच्या बाजूने निकाली निघाला. मधल्या काळात, १९३४ साली, दौलताबादचा किल्ला पाहण्यास गेलेल्या बाबासाहेबांच्या मंडळींनी वेशीजवळच्या हौदावर हातपाय धुतले म्हणून तेथे जमाव धावून आला होता. किल्ल्यात फिरताना त्यांनी पाण्यास शिवू नये म्हणून बरोबर पहारेकरी देण्यात आला. मराठवाड्याच्या कोरड्या भूमीवरील तो हौदही सार्वजनिकच होता.

मजूरमंत्र्यांच्या खात्यातील नद्या

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ पर्यंत त्या पदावर राहिले. कामगारांसाठी त्यांनी केलेले कायदे आपणांस ठाऊक आहेत. त्याच खात्याकडे सार्वजनिक बांधकाम, खाणी, पाटबंधारे आणि वीज हे विषयही होते, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

त्यांच्यापुढील अडचण मोठी होती. १९३५ च्या कायद्यानुसार पाणी व पाटबंधारे हा प्रांतांचा विषय होता. मध्यवर्ती सरकारला हुकूम सोडता येत नव्हता; प्रांतांचे मन वळवावे लागत होते. १९४३ च्या जुलै महिन्यात बंगालमध्ये दामोदर नदीने वर्धमानजवळ बांध फोडला. रेल्वे आणि ग्रँड ट्रंक रस्ता तुटून ऐन युद्धात कलकत्त्याचा संपर्क खंडित झाला. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लक्षावधी माणसे मेली. बंगाल सरकारने नेमलेल्या चौकशी समितीत शास्त्रज्ञ मेघनाद साहा होते. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर संपूर्ण खोऱ्यासाठी एकच प्राधिकरण असावे, असा विचार या समितीने पुढे आणला.

दामोदर उगम पावते छोटानागपूरच्या डोंगरात, म्हणजे तेव्हाच्या बिहारात. पूर येतो बंगालमध्ये. धरणे बांधायची ती बिहारच्या जमिनीवर, गावे बुडायची ती बिहारची, आणि पुरापासून वाचायचा तो बंगाल. बिहारने हे का मान्य करावे? त्याचे उत्तर बहुउद्देशीय योजनेत होते. धरणामुळे केवळ पूर अडणार नाही. त्यातून शेतीस पाणी, उद्योगांस वीज आणि खालच्या भागात जलवाहतूक असा लाभ सर्वांस मिळेल, तेव्हा खर्चही सर्वांनी उचलावा. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यास आणि पुढे आणखी काही बैठकांत बाबासाहेबांनी मध्यवर्ती सरकार, बंगाल व बिहार यांच्या प्रतिनिधींना एकत्र बसवून हा विचार पुढे नेला.

एकाच प्राधिकरणाचा आग्रह का, हे आमच्या विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. पूर अडवायचा असेल तर पावसाळ्यात धरण रिकामे ठेवावे लागते, म्हणजे येणारे पाणी त्यात मावते. शेतीसाठी मात्र पावसाळा संपताना धरण काठोकाठ भरलेले हवे. विजेसाठी पाण्याची उंची टिकली पाहिजे आणि पाणी वर्षभर सारखे सुटले पाहिजे. तिन्ही गरजांचे पाणी एकच आणि त्यांची ओढ मात्र तीन दिशांना. प्रत्येक खाते आपापल्या सोयीने दरवाजे उघडू लागले तर धरण कोणाच्याच उपयोगी पडत नाही. म्हणून हिशेब ठेवणारा हात एक असावा लागतो.

या कामास तांत्रिक पाया हवा होता. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि एप्रिल १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. आजचा केंद्रीय जल आयोग आपला वारसा या आयोगापर्यंत नेतो. त्याचे पहिले अध्यक्ष अभियंते अयोध्यानाथ खोसला होते. टेनेसी प्रकल्पातील अनुभवी अभियंते व्हूरडुइन यांनी ऑगस्ट १९४५ मध्ये दामोदरचा प्राथमिक आराखडा सादर केला. दहा लाख घनफूट प्रतिसेकंद वेगाने येणारा महापूर अडीच लाखांपर्यंत उतरविण्याचा, आणि त्यासाठी आठ धरणे बांधण्याचा तो बेत होता.

ही धरणे एकट्या बाबासाहेबांनी उभारली असे आम्ही म्हणत नाही. त्यामागे शास्त्रज्ञ होते, अभियंते होते, प्रांतांचे अधिकारी होते. आणि दामोदर खोरे महामंडळाचे विधेयक पुढे काकासाहेब गाडगीळ यांनी संसदीय मार्गाने नेले व १९४८ मध्ये महामंडळ अस्तित्वात आले. बाबासाहेबांचे काम धोरणाचे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये युद्धोत्तर वीजविकासाच्या धोरण समितीपुढे त्यांनी विजेचा प्रश्न थेट दारिद्र्याशी जोडला. वीज मुबलक व स्वस्त असल्याखेरीज उद्योग वाढणार नाहीत, आणि उद्योग वाढल्याखेरीज जमिनीवरचा भार हलका होणार नाही, ही १९१८ ची विचारसरणीच येथे शासकीय धोरण होऊन आली.

८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे महानदीविषयी परिषद झाली. ओरिसाने महापूर सोसले होते आणि १८६६ चा भयंकर दुष्काळही सोसला होता. तोवर सरकारी समित्यांचे लक्ष पुराचे पाणी लवकर समुद्राकडे कसे काढून द्यावे याकडे होते. बाबासाहेबांनी हा विचारच उलटविला. पाणी अधिक आहे ही आपत्ती नसून ते साठविले जात नाही ही आपत्ती आहे, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. ज्याने लहानपणी तहानेची रात्र काढली आणि उमेदीची वर्षे एका तळ्याच्या दाव्यात घालविली, त्याने पाण्यास संपत्ती मानावे यात आम्हांस आश्चर्य वाटत नाही.

हिराकूड धरणाचा पायाभरणी समारंभ मार्च १९४६ मध्ये झाला. मुख्य धरण सुमारे ४.८ किलोमीटर लांबीचे असून दोन्ही बाजूंचे बांध धरता ही लांबी पंचवीस किलोमीटरांहून अधिक होते. १३ जानेवारी १९५७ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, तेव्हा बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणास जेमतेम पाच आठवडे झाले होते. दामोदरवर आरंभी आठांपैकी चारच धरणे झाली, ती १९५३ ते १९५९ या काळात. त्यामुळे पूरनियंत्रणाचा मूळ हेतू अपुरा राहिला. हिराकूडच्या जलाशयाने लाखाहून अधिक माणसांस घरादारास मुकविले, आणि त्यांच्या पुनर्वसनाच्या तक्रारी अनेक दशके टिकल्या. पाणी मिळावे कोणाला, हा प्रश्न विचारताना त्यासाठी उठावे कोणी, हाही विचारला पाहिजे. बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्यांनी तो विसरून चालणार नाही.

संविधानातील दोन अनुच्छेद

संविधानाचे काम करताना पाण्याचे दोन्ही प्रश्न बाबासाहेबांच्या समोर होते, आणि दोहोंस संविधानात स्थान मिळाले. अनुच्छेद १५ मध्ये सार्वजनिक विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणासही मज्जाव करता येणार नाही, अशी तरतूद आहे. महाडचा दहा वर्षांचा दावा पुन्हा कोणास लढावा लागू नये, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. अनुच्छेद २६२ आंतरराज्यीय नद्यांच्या पाण्याच्या तंट्यांविषयी आहे. मसुद्यात तात्पुरते आयोग नेमण्याची जुनी पद्धत होती. ९ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी तिच्या जागी, संसदेने कायदा करून तंटे सोडविण्याची कायम व्यवस्था उभारावी, अशी नवी तरतूद मांडली. तिच्या आधारे १९५६ मध्ये आंतरराज्यीय जलविवाद कायदा झाला.

एक अनुच्छेद वस्तीतील माणसाच्या घागरीची काळजी घेतो, दुसरा दोन राज्यांमधील नदीची. या दोहोंच्या मध्ये एक जागा मात्र रिकामी राहते. कालव्याचे पाणी जमिनीस मिळते. ज्याला जमीनच नाही, त्याच्यासाठी कालवा केवळ दुरून दिसणारे पाणी असते. बाबासाहेबांस याची पुरेपूर जाण होती. १९४७ साली घटना समितीसाठी तयार केलेल्या निवेदनात त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी आणि ती गावकऱ्यांनी जातिभेदाविना सामुदायिकपणे कसावी, अशी योजना मांडली होती. ती स्वीकारली गेली नाही.

रोहिणी आणि कृष्णा

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांच्या पश्चात १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण वेगळे दिले आहे. वृद्ध, रोगी आणि मृत माणूस पाहून त्यांनी घर सोडले, ही परंपरागत कथा बाबासाहेबांस पटली नाही. शाक्य आणि कोलीय या दोन गणांत रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा पेटला, शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने त्यास विरोध केला आणि बहुमत विरुद्ध गेल्यावर परिव्रज्या पत्करली, असा वृत्तान्त त्यांनी मांडला. सिद्धार्थाचा आग्रह युद्धाऐवजी दोन्ही बाजूंच्या माणसांनी बसून निवाडा करावा, असा होता. प्रांतांना एका मेजाभोवती बसविणाऱ्या आणि जलविवादांसाठी न्यायाची वाट घालून देणाऱ्या लेखणीतून हे प्रकरण उतरले, हे वाचकांनी आवर्जून लक्षात घ्यावे.

आता पुन्हा सातारा जिल्ह्याकडे वळू. १९५६ च्या कायद्यानुसार १९६९ मध्ये कृष्णा पाणी तंटा लवाद नेमला गेला आणि कृष्णेच्या पाण्यात महाराष्ट्राचा वाटा ठरला. याच जिल्ह्याच्या पश्चिमेस कोयना धरण आहे. तेथील पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणात सोडून वीज निर्माण होते, आणि ते पाणी वाशिष्ठीतून समुद्रास मिळते. लवादाने पश्चिमेकडे वळवावयाच्या या पाण्यावर वर्षास ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. जिल्ह्याच्या पूर्वेस खटाव आणि माण. तेथे पाणी न्यायचे तर ते कृष्णेच्या पात्रातून पंपांनी उचलून चढवावे लागते. जिहे-कठापूर योजनेचे पाणी असेच टप्प्याटप्प्याने खटावातील नेर तलावात आणि पुढे बोगद्यातून माणमधील आंधळी धरणात नेले जाते. म्हणजे पाण्यापासून वीज करायची आणि त्याच विजेवर पाणी चढवायचे. विजेचे बिल थकले की उपसा योजनांचे पंप थांबतात. पाणी आणि वीज यांचा विचार एकत्र केला पाहिजे, हे बाबासाहेबांच्या खात्याचे धोरण आज याच दुष्काळी तालुक्यांच्या बांधावर अनुभवास येते.

त्या पाण्याची वाटणी कशी व्हावी, यासही महाराष्ट्रात उत्तर शोधले गेले आहे. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा वाटा एकरांऐवजी कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरविला, आणि भूमिहीनांसही त्यात हक्क दिला. बाबासाहेबांच्या जीवनातील दोन प्रश्न येथे एका ठिकाणी भेटताना दिसतात.

आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्यांपैकी कोणी अभियंता होईल, कोणी ग्रामसेवक, कोणी सरपंच, कोणी वकील. त्यांच्या हाती कधी पाणीपुरवठ्याचा नकाशा येईल, कधी पाणीवाटपाची यादी येईल. नकाशावरची नळवाहिनी शेवटच्या वस्तीपर्यंत जाते का आणि यादीत भूमिहीनाचे नाव आहे का, एवढे दोन प्रश्न त्यांनी प्रत्येक वेळी विचारावेत. बाबासाहेबांच्या स्मृतीस याहून वेगळे अभिवादन आम्ही त्यांच्याकडून अपेक्षीत नाही.